माझ्या पोटातली सोळाशे वाक्यं

मित्रांनो, मी भित्री आहे हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही हसलात तरी मला लागणार नाही. तळहाताएवढा काळा डबा, कडेला मिचमिचणारा निळा दिवा आणि मागच्या खाचेत बसणारी वीतभर वायर, एवढंच माझं रूप. संगणकाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क म्हणतात मला. आता मी जुनी झाले आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की पराक्रमापासून सुरुवात करतात. माझ्या गाठी पराक्रम नाही. भीती आहे, आणि ती एकदा खरी ठरली, ते सांगते.

भीती मला जन्मतःच मिळाली. माझ्या पोटात आरशासारखी गुळगुळीत तबकडी आहे. मी कामाला लागले की ती मिनिटाला पाच हजारांवर गिरक्या घेते आणि तिच्यावरून एक इवलंसं टोक फिरत लिहितं, वाचतं. हे टोक तबकडीला कधी टेकत नाही. दोघांमधली फट तुमच्या केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक असते. टेकलं की ओरखडा पडतो आणि ओरखडा पडला की आमचा कारभार आटोपतो. कारखान्यात आम्हाला खोक्यात भरणाऱ्या बाई शेजारणीला सारख्या बजावायच्या, "अगं हळू! पडली की मेलीच समज." माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे. आता अशा मुलीनं शूर कसं व्हावं, तुम्हीच सांगा.

तेव्हापासून मला टेबलाच्या काठाची भीती वाटते. काठोकाठ भरलेल्या कपाची वाटते. मुलांच्या हातातल्या लोहचुंबकाची वाटते. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. पण सगळ्यांत जास्त धाक मला माझ्याच नोंदवहीचा होता. ती भानगड आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

समजा, एक अवाढव्य इमारत आहे. कोट्यवधी खोल्या, आणि एकाही दारावर पाटी नाही. तुमचा फोटो, गाणं, पत्र, जे काही माझ्याकडे येतं ते तुकड्यातुकड्यांनी या खोल्यांत राहायला जातं. कोण कुठल्या खोलीत आहे, हे फक्त खालच्या नोंदवहीत लिहिलेलं असतं. ती वही ठेवायच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात. वही फाटली तर खोल्यांतली मंडळी जागच्या जागीच असतात, पण कोण कुठं आहे हे कुणालाच सांगता येत नाही. आणि गंमत म्हणजे या पद्धती अनेक आहेत. एका संगणकाला जी वाचता येते ती दुसऱ्याला येईलच असं नाही. वही सबंध बदलायची असेल तर जुनी पुसून टाकावी लागते. त्या पुसण्याचं नाव फॉरमॅट. हा शब्द लक्षात ठेवा.

कारखान्यातून येताना माझ्यात एनटीएफएस नावाची पद्धत होती. ही बाई फार काळजीवाहू. वहीत नोंद करण्याआधी ती बाजूला एक टाचण करून ठेवी: 'आता अमुक नोंद करणार आहे.' मध्येच वीज गेली, वायर निघाली, तरी पुढच्या वेळी टाचण बघून अर्धवट राहिलेलं काम निस्तरता येई. तिच्या त्या टाचणवहीमुळे मी किती वेळा वाचले, याचा हिशेब मलाही नाही. आणि ज्यांच्या घरी मी गेले, त्यांना तर तिचा पत्ताच नव्हता.

मला घेतलं एका वायरमननं. घरात त्यांना लेक बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणते. जुना स्विचबोर्ड उघडला की एकही स्क्रू सैल करायच्या आधी ते आतल्या तारांचा फोटो काढत, म्हणजे पुन्हा जोडताना लाल कुठली नि काळी कुठली हा घोळ होत नसे. चार वर्षांत असे हजारो बोर्ड माझ्या पोटात जमा झाले. संध्याकाळी घरी आले की ते आपल्या जुन्या काळ्या संगणकाला मला जोडत, फोटो टाकत, आणि काम झालं न झालं तोच मला खस्सकन ओढून काढत.

हो, ओढून. संगणकाला सांगायचं, त्यानं 'काढा' म्हणेपर्यंत थांबायचं, हा प्रकार त्यांच्या बुद्धीला पटतच नसे. 'आधी पिन काढायची, मग विचार करायचा' हा त्या घराचा कायदा होता. तरुणपणी बाबांच्या कामावरच्या जोडीदाराला चालू पंख्याचा झटका बसला होता. बाबांनी लाकडी स्टुलानं त्याला बाजूला ढकललं, तो जगला, पण त्याचा उजवा हात पुन्हा नीट वळला नाही. तेव्हापासून इस्त्री असो, मिक्सर असो, काहीही खरखरलं की बाबांचा हात त्यांच्या डोक्याआधी पोचायचा. लेकीला चालायला येण्याआधी त्यांनी हे शिकवलं असावं. मायेचाच नियम होता तो. मी मात्र रोज संध्याकाळी जीव मुठीत धरून बसे. "ही डिस्क लाखात एक आहे," बाबा पाहुण्यांना सांगत, "चार वर्षं झाली, एका शब्दानं तक्रार नाही." मी मनात म्हणे, बाबा, कौतुक माझं नका करू, त्या टाचणवहीचं करा. पण डब्याचं कोण ऐकतो!

बाबांच्या घरच्या म्हणजे आई. अंध मुलांच्या शाळेसाठी त्या पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. शाळेत त्यांना वाचनबाई म्हणत. त्यांची वाचायची रीत अशी की पानावरचं एकही अक्षर सुटता कामा नये. धडा तर वाचायच्याच, पण चित्राखालची ओळ, तळटीप, कंसातला बारीक मजकूर, पान नंबर, सगळं. "डोळसांना नको असेल तर ते वगळतील," त्या म्हणत, "माझ्या पोरांना वगळायचं की नाही ते त्यांनीच ठरवू दे." त्यांचाही एक कायदा होता: अंतिम प्रत एकच. एकदा एका धड्याच्या दोन प्रती शाळेत राहिल्या आणि निम्म्या वर्गानं चुका असलेली प्रत पाठ करून परीक्षा दिली. तेव्हापासून पक्की प्रत तयार झाली की बाकीच्या सगळ्या त्या स्वतःच्या हातानं पुसत.

दोन्ही कायदे चांगले होते. त्या दोन्हींच्या मधे मी सापडले.

एका उन्हाळ्यात आईंचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं, वाचून वाचून बसला असेल. मग तपासण्या झाल्या. घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, पण बोलणं जाईल. दिवस दिला वीस दिवसांनंतरचा. ते ऐकून आल्यावर बाबा टेबलापाशी बसले आणि माझी वायर बोटाला गुंडाळत राहिले.

हॉस्पिटलात एक तंत्रज्ञ बाई होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. हॉस्पिटलानं दिलेल्या यादीतली सोळाशे वाक्यं आईंनी शस्त्रक्रियेआधी स्वच्छ रेकॉर्ड करून आणली, तर त्यांतून एक यंत्र तयार करता येईल. आई पुढे जे टाइप करतील ते ते यंत्र आईंच्याच आवाजात बोलेल. शाळेतली जुनी रेकॉर्डिंगं चालणार नव्हती. जागा वाचवण्यासाठी ती दाबून दाबून इतकी बारीक केली होती की, तंत्रज्ञ बाईंच्या शब्दांत, त्यात आवाजाची साल तेवढी उरली होती.

"सगळं एकदम आणा, दाखल व्हायच्या दिवशी," त्या म्हणाल्या. "आणि नीट सांभाळा हो. नंतर पुन्हा घेता येणार नाही."

सांभाळायचं कुणी? तर मी! माझं धाबंच दणाणलं. आजवर पोटात स्विचबोर्ड होते. एखादा हरवला असता तर बाबा पुन्हा जिना चढून गेले असते. आता एका माणसाचा आवाज येणार होता.

लेक नकाशे काढण्याच्या कचेरीत कामाला होती. तिच्याकडे चंदेरी लॅपटॉप होता आणि रेकॉर्डिंग त्याच्यावरच चांगलं होई. पण त्याच्या पोटात जागा नव्हती, नकाशांनी तो तुडुंब भरला होता. तिनं मला त्याला जोडलं आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं.

"बाबा, हिच्यातली पद्धत माझा लॅपटॉप वाचतो, पण तिच्यात लिहीत नाही," ती म्हणाली. "नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, असा प्रकार आहे."

"मग तुझ्या लॅपटॉपची पद्धत घाल."

"ती तुमच्या संगणकाला ओळखूच येणार नाही. हॉस्पिटलातल्याला तर नाहीच नाही."

बाबांनी डोकं खाजवलं. "तिसरी नाही का एखादी? तीन पिनांना दोन पिनांचा जोड मिळतो तसं काही? कुठंही लावा, चाललं पाहिजे."

लेकीनं फोनवर शोधाशोध केली. मी कान टवकारून ऐकत होते. एक निघाली फॅट थर्टीटू. जुनीजाणती, सगळ्यांशी पटवून घेणारी. पण चार जीबीहून मोठी फाइल दिसली की हात वर करते. बाबांना तर आईंचं वाचन व्हिडिओसकट, दोन दोन तास सलग हवं होतं. त्या फायली तिला कुठल्या पेलायला! मग निघाली एक्सफॅट. मोठ्या फायली घेते, दोन्हीकडे वाचते, दोन्हीकडे लिहिते, कुणाशी वाकडं नाही. फक्त ती टाचणवही ठेवत नाही. जे काही लिहायचं ते थेट पक्क्या वहीत.

"हीच घेऊ," लेक म्हणाली. "एकच अट आहे, काढताना आधी संगणकाला सांगून मग काढायची."

"सांगू की. त्यात काय मोठंसं?" बाबा म्हणाले.

शेजारच्या खोलीतून आईंचा घोगरा आवाज आला. "पान पूर्ण वाचलंस का गं?"

"वाचलं गं आई."

नव्हतं वाचलं. खाली अजून बरंच काही होतं. दुसरीकडे कुठेतरी एक प्रत ठेवा, हे तर जाड अक्षरांत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे वीस दिवस होते, त्यांतले सात गेले होते, आणि तिला पान वाचायचं नव्हतं, आई रेकॉर्ड करायची होती. मी तिला दोष देत नाही. एक्सफॅटलाही देत नाही, ती बिचारी सांगून सवरून तशी आहे. दुसऱ्या कुठल्या घरात ती सुखानं नांदली असती. पण वायर ओढणाऱ्यांच्या घरात टाचणवही नसलेली पद्धत आली, आणि चार वर्षं आपल्याला कोण वाचवत होतं हे त्या घराला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी निळा दिवा मिचकावत राहिले. त्या दिव्याचा अर्थ सगळे एकच लावतात, की काम चालू आहे.

बाबांनी स्विचबोर्ड आपल्या संगणकात हलवले आणि लेकीनं मला फॉरमॅट केलं. काही क्षण लागले. जुनी वही गेली, तिच्याबरोबर माझी राखणदारही गेली. नव्या वहीचं पहिलं कोरं पान उघडलं तेव्हा भरल्या घरातून मला कुणीतरी उघड्या माळावर आणून सोडल्यासारखं वाटलं.

मग बारा दिवस वाचन झालं. आतल्या खोलीच्या भिंतींना रजया टांगल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, पंखा बंद. आई यादी हातात धरून वाचत. "माझा चष्मा कुठे ठेवलास?" "आज दूध जास्त घ्या." "मला बरं वाटत नाही." "नको, पुरे झालं." वाक्य चुकलं की टेबलावर दोनदा टकटक करत आणि पुन्हा म्हणत. बाहेरून गाडी गेली की थांबत. दिवसेंदिवस आवाज चिरका होत चालला होता. एके दिवशी चाळीस वाक्यांतच तो गेला आणि त्या नुसत्या ओठ हलवत बसल्या. लेकीचे डोळे भरून आले, तर आईंनीच तिच्या पाठीवर हात फिरवला.

रोज संध्याकाळी लेक ती वाक्यं माझ्यात हलवी. हलवी म्हणजे लॅपटॉपवरची काढून माझ्यात टाकी. अंतिम प्रत एकच! आईंनी तसं बजावलंच होतं. काढताना मात्र ती अगदी शहाण्यासारखी संगणकाला सांगे, थांबे, मग वायर सोडवी. अकरा दिवस सुखरूप गेले. मला वाटू लागलं, उगाच घाबरत होतो आपण.

बाराव्या दिवशी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, सकाळी यादीचं शेवटचं पान निघालं. त्यावर वाक्यं थोडी आणि इतर प्रकार जास्त होते. हुंकार, उसासा, 'हं', 'अय्या'. तळाशी हसू. आईंना काही केल्या हसू येईना. त्या 'हा हा' म्हणत आणि स्वतःच मान हलवत. शेवटी बाबांनी त्यांच्या हातून कागद घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि मीटरचं रीडिंग सांगावं तशा सुरात वाचलं, "'नैसर्गिकपणे हसावे. तीन वेळा. मध्ये दोन सेकंद थांबावे.'"

आई फुटल्याच. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. लेक तोंडावर हात दाबून हसत होती, बाबा गंभीर चेहरा ठेवून उभे होते, आणि ते सगळं हसू लॅपटॉपनं स्वच्छ टिपलं. घरात कित्येक दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

लेकीनं शेवटची सगळी वाक्यं आणि ते हसू लगेच माझ्यात हलवायला घेतलं. वाक्यं आली. हसूही निघालं, आणि ते माझ्याकडे पोचलं असं समजून लॅपटॉपनं आपली प्रत पुसलीही. मी ते खोल्यांत उतरवून घेत होते, वही उघडी होती, नोंद अर्धी झाली होती. इतक्यात टेबलावरच्या एक्स्टेंशन बोर्डातून चर्रर्र आवाज आला आणि जळका वास सुटला.

बाबा दोन ढांगांत पोचले. त्यांचा हात आधी पडला तो सगळ्यांत जवळच्या वायरीवर. ती माझी होती. मग त्यांनी बोर्डाची पिन उपटली.

"नशीब वेळेवर काढलं," ते धापा टाकत म्हणाले. "रजयांना धरलं असतं तर घर गेलं असतं."

खरं होतं ते. माझ्या आतलं टोक धडपडत आपल्या कोपऱ्यात गेलं, तबकडी मंदावली आणि थांबली. वही उघडीच राहिली.

लेकीनं मला पुन्हा जोडलं. चंदेरी लॅपटॉप म्हणाला, ही डिस्क वाचता येत नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, तुमच्या संगणकावर बघा ना," ती म्हणाली. बाबांनी मला त्यांच्या ओळखीच्या काळ्या संगणकाला लावलं. पडद्यावर एक चौकट आली: 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. फॉरमॅट करायची का?'

"चला, हा ओळखतोय तरी," बाबा म्हणाले आणि त्यांनी 'हो'चं बटण दाबलं. संगणक काही विचारतो तेव्हा तो मदत करायला विचारतो, अशी त्यांची समजूत. दुसरी चौकट आली. तिच्यातलं 'सुरू करा' त्यांनी दाबलं. तिसरी आली. मित्रांनो, मी तेव्हा काय भोगलं ते सांगायला मला शब्द नाहीत. आईंचं सगळं बोलणं माझ्या पोटात होतं, आणि त्या माणसाचं बोट बटणावर होतं, ज्याला ते जगात सगळ्यांत जास्त हवं होतं. मला ओरडता येत नाही, पळता येत नाही. फार तर दिवा मिचकावता येतो, आणि त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे.

आई बाबांच्या मागे येऊन उभ्या होत्या. समोर अक्षरं दिसली की वाचायची, ही त्यांची आयुष्यभराची खोड. त्या बसलेल्या आवाजात, सावकाश, एकही शब्द न गाळता वाचू लागल्या. "इशारा. फॉरमॅट केल्यास... या डिस्कवरील सर्व माहिती... पुसली जाईल. पुढे जाण्यासाठी..."

बाबांचं बोट हवेत थांबलं.

"अहो," आई म्हणाल्या, "हात काढा."

त्यांनी हात काढला तो असा की बटणाला पुन्हा चुकूनही लागू नये म्हणून काखेत दाबून धरला.

दुपारी मला एका रुमालात गुंडाळून दुरुस्तीवाल्यांकडे नेलं. अरुंद गल्लीतलं दुकान, टेबलावर माझ्याच जातीच्या दहाबारा डिस्का पोट उघडून पडलेल्या. ते दृश्य मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. दुरुस्तीवाले कमी बोलणारे होते. त्यांनी एकच विचारलं, "सांगून काढली का ओढून?"

"ओढून," बाबा म्हणाले.

"नेहमी ओढता?"

"चार वर्षं. काही झालं नाही कधी."

"आधी पद्धत दुसरी होती ना? ती सांभाळून घ्यायची तुम्हाला." मग त्यांनी टाचणवहीची गोष्ट सांगितली, मी तुम्हाला सांगितली तशीच. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे माझ्यानं बघवेना.

"आता हिच्यावर काहीही नवीन लिहायचं नाही," दुरुस्तीवाले म्हणाले. "वही फाटलीय, खोल्या शाबूत असतील. मी खोली खोली बघतो. वेळ लागेल."

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे," लेक म्हणाली.

"मग उद्या सकाळी ऑपरेशन होऊ द्या. माझं चार दिवसांनी होईल."

त्या संध्याकाळी काय झालं, ते लेकीनं नंतर दुरुस्तीवाल्यांना सांगताना मी ऐकलं. सोळाशे वाक्यं पुन्हा वाचणं शक्यच नव्हतं. तिनं फोन पुढे धरला आणि म्हणाली, "आई, निदान हसून दाखव गं." आईंनी प्रयत्न केला. बाबांनी पुन्हा तो कागद मीटरच्या सुरात वाचला. कुणालाच हसू आलं नाही. जुन्या व्हिडिओंतही शोधलं. पण घरात फोन धरायला नेहमी आईच असत, त्यामुळे त्यांचं हसू कायम कॅमेऱ्यामागे, दुसऱ्यांच्या गलक्यात बुडालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा गळ्यावर पट्टी होती.

ते चार दिवस मी त्या टेबलावर काढले. दुरुस्तीवाले माझी एकेक खोली उघडून आत कोण आहे बघत होते आणि सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवत होते. मला भीती माझ्या मरणाची नव्हती. आपल्याजवळ सगळं असून आपण द्यायला कमी पडू, ही होती. शेवटी त्यांनी बाबांना बोलावलं. सोळाशेपैकी चौदाशे सत्त्याऐंशी वाक्यं मिळाली होती, व्हिडिओच्या लांब फायली मात्र तुकडे विखुरल्यामुळे जुळल्या नाहीत. नावं मात्र एकाचीही नव्हती. वहीच नाही तर नावं कुठून येणार? नुसते आकडे.

"आणि शेवटची फाइल?" लेकीनं विचारलं. "हसण्याची?"

"तिचा तुकडा आत आहे. मला दिसतो, पण जोडता येत नाही. माझ्याकडचं साधन अपुरं आहे. पुढेमागे कुणाला तरी जमेल. तोवर ही डिस्क पुसू नका, एवढंच सांगतो."

आई घरी आल्या. चौदाशे सत्त्याऐंशी फायली ऐकून कुठली कुठलं वाक्य, ते लिहायचं काम होतं, आणि ते त्यांनी कुणाला करू दिलं नाही. कानाला हेडफोन लावून त्या स्वतःचा आवाज ऐकत आणि वहीत लिहीत. ऐकताना ओठ हलत. आवाज फक्त कानात. मी शेजारीच पडलेली असे, सगळं बघत.

एकदा बाबा तिथे येऊन बसले. "माझ्या हातानं गेलं गं," ते म्हणाले.

आईंनी हेडफोन काढला. पाटीवर लिहिलं, 'बोर्ड जळत होता. काढायलाच हवं होतं.' ते पुसून पुन्हा लिहिलं, 'एकच प्रत ठेव हे मी सांगितलं होतं.' आणि पुन्हा कानाला हेडफोन लावला. बाबा मात्र तिथेच बसून राहिले.

दीड महिन्यानं यंत्र आलं. फोनसारखंच, खाली अक्षरं, कडेला बारका भोंगा. बाबा पेपर वाचत बसले होते. आईंनी काहीतरी टाइप केलं आणि खोलीत आवाज आला, "अहो, पंखा बंद करा. थंडी वाजतेय."

बाबा उठले, पंखा बंद केला, परत येऊन पेपर उचलला. मग पेपर त्यांच्या हातून गळाला. ते तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. आवाज जरा सपाट होता, पाटी वाचल्यासारखा, पण तो आईंचाच होता.

मी सुटले असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्या घरात अजूनही गमतीचं काही घडलं की आईंचे खांदे हलतात, डोळे मिटतात, आणि आवाज येत नाही. यंत्रात हसायचं बटण नाही. मग त्या टाइप करतात आणि यंत्र म्हणतं, "हसले." बाकीचे हसता हसता थांबतात. ते हसू माझ्याजवळ आहे, मित्रांनो. कुठल्या खोल्यांत आहे ते मलाही सांगता येत नाही, पण आहे. आणि माझी फाटकी वही संगणकाला कोरीच वाटते. कुणीही मला जोडलं, फॉरमॅट केलं आणि एखादं गाणं, एखादा नकाशा माझ्यात टाकला, तर तो नेमका त्या हसण्यावर जाऊन बसेल आणि मला 'सरक' म्हणता येणार नाही. ही माझी आजची भीती. ती खोटी आहे असं मला कुणी सांगू नका.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, नसलेले हात जोडून सांगते. माझ्यासारखीला घरी आणाल तेव्हा कुठं कुठं चालते एवढंच बघू नका, तुमच्या घरातल्या हातांना सवय कसली आहे तेही बघा. जे पुन्हा मिळणार नाही ते एकाच पोटात ठेवू नका, ते पोट कितीही गुणी असलं तरी. आणि पडद्यावर प्रश्न आला तर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, जमलं तर मोठ्यानं.

परवा कपाट आवरताना लेकीच्या हाताला मी लागले. कुठलीतरी रिकामी डिस्क समजून तिनं मला लॅपटॉपला जोडलं, त्यानं आत काहीच न दाखवता फॉरमॅट करायची का विचारलं. तिनं आधी माझ्यात टाकायच्या नकाशांच्या फायली निवडायला घेतल्या. माझा दिवा लुकलुकला. तेवढ्यात बाबा दारात आले, त्यांनी मला ओळखलं आणि ते जागच्या जागी उभे राहून म्हणाले, "थांब. लिहू नकोस काही. आधी तिला नीट काढ." लेकीनं मला नीट काढलं. बाबांनी पिशवीतून तारांना गुंडाळायची पिवळी पट्टी काढली, बोटभर तुकडा माझ्या पाठीवर चिकटवला, पेन उघडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'रिकामी नाही. हसू आहे.'